श्वासांतील देवघेव

१५ एप्रिल १८७५ रोजीं सकाळीं साडेअकराच्या सुमारास पॅरिस येथील ला व्हिलेतच्या गॅस-कारखान्यांतून ‘झेनिथ’ नांवाचें बलून तीन फ्रेंच गृहस्थांना घेऊन आकाशांत चढलें. त्यांपैकीं थिओडोर सिव्हेल हा मूळचा दर्यावर्दी व बलून चालविण्यांत मुरलेला. जोसेफ क्रोसे-स्पिनेली व गास्तों तिसांदिए हे शास्त्राचे व्यासंगी. अति उंचीवरील विरळ हवा मनुष्यास बाधते, ही गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती असें नाहीं. शरीरशास्त्रज्ञ पोल बेर याच्या प्रयोगशाळेंत आदल्या वर्षीं सिव्हेल व क्रोसे-स्पिनेली हे दोघे एका लोखंडी कोठींत बसले होते. कोठींतील हवा उपसून विरळ केली असतां दृष्टि अंधुक होते, बुद्धि मंदावते, आणि प्राणवायु हुंगतांच सर्व कांहीं निवळतें, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें. म्हणूनच ‘झेनिथ’वर प्राणवायुमिश्रित हवेच्या तीन पिशव्या घेतलेल्या होत्या. एवढा सांठा पुरणार नाहीं, असें पत्र बेर यानें धाडलें होतें, परंतु तें वेळेवर पोंचलें नाहीं. सांठा थोडा, म्हणून खरी गरज भासेल तेव्हांच तो वापरावा, असें तिघांनीं ठरविलें.

गरज भासलीच नाहीं. साडेसात हजार मीटरांच्या पुढें आपली स्थिति काय झाली, तें तिसांदिए यानें मागाहून लिहून ठेविलें आहे. यातना नव्हत्या, भीति नव्हती. उलट अंतर्यामीं एक प्रकारचा आनंदच वाटत होता. प्राणवायूची नळी धरावी असें मनांत आलें तेव्हां हात उचलेना. आठ हजार मीटर उंची गांठल्याचें ओरडून सांगावें असें वाटलें तर जीभ वळेना. मग शुद्ध हरपली. बलून सुमारें ८,६०० मीटरांपर्यंत चढून आपोआप उतरूं लागलें, आणि तिसांदिए अखेरचा सावध झाला तेव्हां त्याचे दोघेहि सोबती मरून पडलेले होते. तो स्वतः वांचला, पण त्याची श्रवणशक्ति गेली.

हे तिघेहि श्वास घेत होते. नाक-तोंड मोकळें होतें, छातीचा भाता चालू होता आणि भोंवतीं हवेचा अथांग सागर पसरलेला होता. त्या हवेंत प्राणवायूचें प्रमाणहि जमिनीवरील हवेइतकेंच, म्हणजे शंभर भागांत सुमारें २१ भाग, होतें. मग त्यांना कमी पडलें तें काय? आणि जें कमी पडलें त्याची वर्दी देहानें कां दिली नाहीं? श्वसनाचा विचार करतांना हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात. पहिल्याचें उत्तर पदार्थविज्ञानांत सांपडतें, दुसऱ्याचें शरीरांतील राखणीच्या व्यवस्थेंत. आणि या दुसऱ्या उत्तराशींच घरोघरच्या सुरक्षिततेचा संबंध आहे.

वायूंच्या देवघेवींत महत्त्व आहे तें दाबाला. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. त्यांत प्राणवायूच्या वाट्यास सुमारें १६० मिलिमीटर येतात. नाक, घसा व श्वासनलिका यांतून आंत जातांना हवा ऊन आणि दमट होते; तिच्यांतील वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, आणि तेवढी जागा वाफेनें अडविल्यावर प्राणवायूच्या वाट्यास १५० उरतात. फुप्फुसांत अगोदरची हवा असतेच. साधा उच्छ्वास टाकल्यावरहि आंत सुमारें अडीच लिटर हवा राहते, आणि साध्या श्वासाबरोबर नवी येते ती केवळ अर्धा लिटर. या जुन्या हवेंत नवी मिसळून जें मिश्रण होतें, त्यांत प्राणवायूचा दाब १०० मिलिमीटरांच्या आसपास राहतो. फुप्फुसाकडे परतणाऱ्या रक्तांत तोच दाब ४० असतो. शंभराकडून चाळीसाकडे असा हा उतार आहे, आणि पाणी जसें उंचावरून सखलाकडे जातें, तसा प्राणवायु या उतारावरून रक्तांत उतरतो.

कर्बाम्ल वायूचा, म्हणजे ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचा, प्रवास नेमका उलट दिशेनें होतो. परतणाऱ्या रक्तांत त्याचा दाब ४५ किंवा ४६, आणि फुप्फुसांतील हवेंत ४०. उतार अवघा पांच-सहा मिलिमीटरांचा. परंतु हा वायु ओल्या पडद्यांतून प्राणवायूच्या सुमारें वीसपट सुलभतेनें पार होतो, म्हणून एवढाहि उतार त्यास पुरतो. दोन्ही वायु एकाच भिंतींतून, एकाच वेळीं, परस्परविरुद्ध दिशांनीं जातात व कोणी कोणाच्या आड येत नाहीं. वीसपटीची ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां ‘झेनिथ’चें गणित सहज सुटतें. ८,६०० मीटरांवर हवेचा एकंदर दाब सुमारें २६० मिलिमीटर. वाफ तेथेंहि आपले ४७ सोडीत नाहीं, कारण तिचा दाब शरीराच्या उष्णतेवर अवलंबून असतो, उंचीवर नव्हे. बाकी उरलेल्या दाबांत प्राणवायूचा वाटा ४५ च्या आंत, आणि फुप्फुसाच्या तळाशीं पोंचेपर्यंत त्याहूनहि कमी. जमिनीवर सबंध देह फिरून, रिकामें होऊन परतलेल्या रक्तांतसुद्धां यापेक्षां अधिक दाब असतो! उतारच उरला नाहीं. मग वाहावें काय? राइनहोल्ड मेसनर व पेटर हाबेलर हे १९७८ सालीं प्राणवायूच्या नळकांड्यावांचून एव्हरेस्टच्या शिखरावर गेले, हें खरें; परंतु ते अनेक आठवडे पर्वतावर राहून, भराभर व खोल श्वास घेण्याची देहाला संवय लावून मग गेले. बलूनमधील गृहस्थ दोन तासांत तेथें पोंचले होते.

ज्या भिंतींतून ही देवघेव चालते तिची रचना पाहण्यासारखी आहे. १६६१ सालीं बोलोन्या येथील मार्सेल्लो माल्पिघी यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तेव्हां मांसाचा गोळा म्हणून समजलेलें हें इंद्रिय म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या बुडबुड्यांचा समूह आहे, आणि त्या पापुद्र्यांवर रक्ताच्या अतिसूक्ष्म वाहिन्यांचें जाळें आहे, असें त्यास दिसून आलें. या बुडबुड्यांना वायुकोश म्हणतात आणि त्या वाहिन्यांना केशवाहिन्या. मनुष्याच्या दोन फुप्फुसांतील वायुकोशांची २००४ सालीं काळजीपूर्वक गणना झाली, ती सरासरी ४८ कोटी भरली. हे सारे उलगडून पसरले तर सुमारें ७० चौरस मीटर क्षेत्र होईल. मुंबईंतील दोन-तीन खोल्यांच्या बऱ्यापैकीं बिऱ्हाडाची जमीन एवढी असते. आणि या सबंध जमिनीवर एका वेळीं पसरलेलें रक्त किती? चहाच्या कपभर देखील नाहीं. हवा व रक्त यांच्यामधील पडद्याची जाडी बहुतेक ठिकाणीं केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा. तांबडी पेशी या केशवाहिनींतून अंग चोरून जाते, तिला त्यास पाऊण सेकंद लागतो, आणि प्राणवायूची भरती पहिल्या पाव सेकंदांतच पुरी होते. उरलेला अर्धा सेकंद हा शिलकीचा. मनुष्य धांवतो तेव्हां रक्त अधिक वेगानें वाहतें आणि ही शिल्लक खर्चीं पडते. पडदा रोगानें जाड झाला म्हणजे ती प्रथम सरते. म्हणून अशा रोग्यास बसल्या जागीं कांहीं वाटत नाहीं, पण जिना चढतांना मात्र धाप लागते.

एवढी नाजूक भिंत केवळ चाळणीसारखी निष्क्रिय असेल, हें मान्य करणें मोठमोठ्या पंडितांना जड गेलें. कोपनहेगनचा क्रिश्चन बोर (परमाणूच्या संशोधनामुळें विख्यात झालेल्या नील्स बोर याचा हा पिता) याचें मत असें होतें कीं, फुप्फुसाची भिंत एखाद्या ग्रंथीप्रमाणें प्राणवायु स्वतः आंत ओढते. ही कल्पना अगदींच निराधार नव्हती, कारण कांहीं मासे आपल्या पोटांतील हवेच्या पिशवींत खरोखरच प्राणवायु असा कोंडतात. बोरचाच शिष्य ऑगस्ट क्रोह व त्याची डॉक्टर पत्नी मारी क्रोह यांनीं अधिक सूक्ष्म मोजमाप करून १९१० सालीं सात निबंध एकदम प्रसिद्ध केले आणि गुरूचें मत खोडून काढलें: दाबाच्या उतारावांचून येथें कोणतीहि दुसरी शक्ति नाहीं. तरी वाद मिटला नाहीं. इंग्लंडांतील जॉन स्कॉट हॉल्डेन यानें १९११ सालीं अमेरिकेंतील पाइक्स पीक या पर्वतावर मुक्काम करून बोरच्या बाजूनें साक्ष दिली. तेव्हां केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्टनें १९२० सालीं स्वतःला एका कांचेच्या खोलींत सहा दिवस कोंडून घेतलें, तींतील प्राणवायु उंच पर्वतावरील हवेइतका उतरविला आणि शेवटीं मनगटाची रोहिणी उघडून आपलें रक्त तपासावयास दिलें. रोहिणींतील रक्त तांबडेंलाल असावयाचें, तें काळसर निघालें. भिंतीनें कांहींहि ओढलें नव्हतें. उतारानें दिलें तेवढेंच रक्तास मिळालें होतें.

हॉल्डेनसारखा तीक्ष्ण बुद्धीचा मनुष्य तरीहि आपल्या मताला चिकटून राहिला याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. देहाच्या दारावर एक जागता द्वारपाल असावा, असें कोणासहि वाटणारच. पण द्वारपाल नाहीं, आणि त्याचा दुसरा अर्थ असा कीं ही भिंत जशी कांहीं ओढीत नाहीं तशी कांहीं अडवीतहि नाहीं. जो वायु दाबानें येईल तो आंत जाईल, मग तो मित्र असो कीं वैरी.

आंत गेलेल्या प्राणवायूची व्यवस्था पाहूं. नुसत्या पाण्यांत विरघळावा तसा तो रक्तांत विरघळला असता, तर १०० मिलिलिटर रक्तांत एका मिलिलिटराचा तिसरा हिस्सादेखील, म्हणजे ०.३ मिलिलिटर, मुश्किलीनें मावता. प्रत्यक्षांत १०० मिलिलिटर रक्त २० मिलिलिटर प्राणवायु वाहून नेतें. हा फरक तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या लोहयुक्त द्रव्यामुळें पडतो. हिमोग्लोबिनचा विशेष गुण केवळ धरण्याचा नव्हे, सोडण्याचाहि आहे. फुप्फुसांत तें शेंकडा ९७-९८ इतकें भरतें. स्नायूंजवळ जातांच तेथील कमी दाबामुळें तें प्राणवायु सोडूं लागतें. आणि जेथें कर्बाम्ल वायु अधिक, म्हणजे जेथें काम अधिक, तेथें तें अधिक उदार होतें. हा शोध १९०४ मधला, आणि तो वर ज्याचें मत खोडलें गेलें त्या क्रिश्चन बोरचा व त्याच्या सहकाऱ्यांचा. त्याचें नांव शास्त्रांत राहिलें तें यामुळें. परतीच्या प्रवासांत बहुतेक कर्बाम्ल वायु, सुमारें शेंकडा सत्तर, रक्ताच्या पाण्यांत सोड्याच्या क्षारासारख्या रूपानें विरघळून येतो, आणि फुप्फुसाशीं पोंचतांच पुन्हां वायु होऊन निसटतो. हें रूपांतर एरवीं फार सावकाश होणारें; तांबड्या पेशींतील एक किण्वद्रव्य तें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं उरकतें.

येथवर सगळें सुरळीत आहे. आतां राखणीचा प्रश्न. दम कोंडला म्हणजे जी तगमग होते ती कशाची? बहुतेकांस वाटतें, प्राणवायूच्या तुटीची. १९०५ सालीं त्याच हॉल्डेननें प्रीस्टली नांवाच्या सहकाऱ्यासह दाखवून दिलें कीं, श्वासाची गति ठरविणारा वायु प्रामुख्यानें कर्बाम्ल हा आहे. वायुकोशांतील त्याचा दाब शरीर ४० च्या आसपास मोठ्या कसोशीनें राखतें; तो किंचित् वाढला तरी मेंदूच्या बुंध्यांतील केंद्र छातीला जोरानें हालवावयास लावतें. तगमग त्याचीच. प्राणवायूवरहि एक पहारेकरी आहे. मानेंतील मोठी रोहिणी जेथें दुभंगते तेथें तांदळाच्या दाण्याएवढें एक इंद्रिय असतें, आणि त्याच्या कार्याच्या संशोधनाबद्दल बेल्जमच्या कॉर्नेय हेमान्स यास १९३८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हा पहारेकरी झोपाळू आहे. रक्तांतील प्राणवायूचा दाब १०० वरून ६० च्या खालीं उतरेपर्यंत तो फारशी हांक देत नाहीं. आणि हांक दिल्यावर श्वास वाढतो, तो कर्बाम्ल वायूला धुवून काढतो, आणि त्यामुळें पहिला व अधिक सावध पहारेकरी गप्प बसतो! ‘झेनिथ’मधील तिघांस यातना कां झाल्या नाहींत, याचा उलगडा येथें होतो. उंचावर श्वास सोडण्यास अडचण नसते. कर्बाम्ल वायु सांचत नाहीं, मग तगमग कशाची व्हावी? आणि जो मेंदु धोका ओळखावयाचा तोच प्रथम उपाशी पडलेला असतो.

यापासून निघणारी एक गोष्ट पोहावयास जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना ठाऊक असणें अगत्याचें आहे. पाण्याखालीं अधिक वेळ राहण्याची पैज लागली म्हणजे मुलें बुडी मारण्यापूर्वीं दहा-वीस दीर्घ श्वास भराभर घेतात. त्यानें प्राणवायूचा सांठा वाढतो अशी त्यांची समजूत. हिमोग्लोबिन मुळांतच ९८ इतकें भरलेलें असतें. भरल्या घागरींत आणखी काय भरणार? वाढतें कांहीं नाहीं, धुवून जातो तो कर्बाम्ल वायु, आणि त्याबरोबर त्याची तगमगहि. मग पाण्याखालीं प्राणवायु संपत येतो तरी दम कोंडल्याची जाणीव होत नाहीं, आणि मूल धडपड न करतां बेशुद्ध होतें. कांठावरून पाहणारास तें अजून पैज जिंकीत आहे असेंच वाटतें.

द्वारपाल नसलेल्या दारांतून येणारा खरा वैरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लांकूड, गॅस, कोणतेंहि इंधन पुरेशा हवेवांचून जळलें म्हणजे तो निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूहून दोनशें पटींवर आहे. याचा हिशेब सोपा आहे: हवेंत प्राणवायु शंभरांत २१, त्याच्या दोनशेंव्या हिश्शाइतका, म्हणजे हजारांत एक भाग, मोनॉक्साइड असला तर पुरेसा वेळ मिळाल्यास निम्मे हिमोग्लोबिन तो बळकावील. इतकेंच नव्हे, उरलेलें निम्मेंहि आपला प्राणवायु मग सहजीं सोडीत नाहीं. आणि पहारेकरी? कर्बाम्ल वायु वाढत नाहीं, म्हणून पहिला स्वस्थ. मानेंतील दुसरा रक्तांत विरघळलेल्या प्राणवायूचा दाब पाहतो, हिमोग्लोबिनवर किती लादलें आहे तें पाहत नाहीं. आणि दाब तर पूर्ण शंभर असतो. तोहि स्वस्थ. डोकें दुखतें, भोवळ येते, मळमळतें आणि पायांतील बळ जातें. दार उघडावें हें सुचतें तेव्हां कडीपर्यंत हात पोंचत नाहीं.

हॉल्डेननें १८९६ सालीं खाणींतील स्फोटांत मेलेल्या मजुरांची पाहणी केली, तींत वेल्समधील टायलर्सटाउनची खाण होती; बहुतेकांचा प्राण भाजून वा चिरडून नव्हे, तर याच वायूनें गेला होता असें त्यास आढळलें. लहान प्राण्यांचा श्वास जलद, म्हणून त्यांस बाधा आधीं होते, हें ओळखून त्यानें खाणींत उंदीर किंवा पक्षी बरोबर नेण्याची सूचना केली. ब्रिटनमधील खाणकामगार १९८६ पर्यंत पिंजऱ्यांतून कॅनरी पक्षी नेत असत. देहाला जो पहारेकरी नाहीं तो पिंजऱ्यांत घालून बरोबर न्यावयाचा, अशी ती योजना.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत पाणी तापत असे तें तांब्याच्या बंबांत. त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, खोकला आणी, आणि घरांतील बायका त्रासून दार उघडीत. हा उपद्रव हीच मोठी राखण होती. बाळंतिणीच्या बंद खोलींतील शेगडी त्याहून घातक. निखारे फुलले म्हणजे धूर थांबतो, माणसें निर्धास्त होतात, आणि नेमका तेव्हांच हा बिनवासाचा वायु निघत असतो. आतां शहरांतील कित्येक घरांत बंबाच्या जागीं गॅसवर चालणारा गीझर आलेला आहे. गॅसच्या टांकींत वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. म्हणून गॅस गळला तर कळतो. पण तो जळल्यावर वास उरत नाहीं. हात पसरले तर भिंतींना लागावे एवढें न्हाणीघर, थंडीमुळें बंद केलेली झडप, वाफेनें भरलेली हवा आणि आंत जळणारी ज्योत: काहीं मिनिटांतच ज्योतीला प्राणवायु अपुरा पडूं लागतो व मोनॉक्साइड निपजतो. मुंबई-पुण्याकडे हिंवाळ्याच्या दिवसांत न्हाणीघरांतील मृत्यूच्या बातम्या येतात त्यांचें कारण बहुधा हें असतें. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसविणें, आणि त्याचा धूर नळीनें बाहेर काढणें, याला पर्याय नाहीं. स्नानापूर्वीं बादली भरून ज्योत विझविणें हा त्यांतल्या त्यांत दुसरा उपाय. ‘आजवर कांहीं झालें नाहीं’ हा पुरावा मानूं नये, कारण दोन मिनिटांच्या स्नानांत न होणारी गोष्ट वीस मिनिटांच्या स्नानांत होते.

बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर हा या युगांतला कॅनरी पक्षी म्हणतां येईल. त्याचें तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यानें १९७४ सालीं मांडलें: प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषतें, रिकामें अधिक शोषतें, नाडीच्या ठोक्याबरोबर हा फरक मोजला म्हणजे भरतीचें शेंकडा प्रमाण कळतें. २०२० व २०२१ या सालीं करोनाच्या सांथींत हें यंत्र घरोघर पोंचलें आणि ९४ हा आंकडा गृहिणींच्याहि तोंडीं झाला. त्या वेळीं डॉक्टरांस बुचकळ्यांत टाकणारे रोगी दिसत. यंत्रावर आंकडा ८० किंवा त्याहि खालीं, आणि रोगी शांतपणें बसून बोलत आहे! कोडें वाटावें असें दृश्य, पण मागें सांगितलेल्या वीसपटीच्या गोष्टींत त्याच्या उलगड्याचा मोठा भाग आहे. फुप्फुसाचा कांहीं भाग निकामी झाला तरी कर्बाम्ल वायु उरलेल्या भागांतून निसटून जातो; अडतो तो प्राणवायु. तगमग नाहीं, म्हणून धोका नाहीं, असें मानून जे घरींच थांबले त्यांतील कित्येकांस हें यंत्रच वेळेवर रुग्णालयांत नेऊं शकलें. मात्र या यंत्राच्या मर्यादेचा फार थोड्यांना पत्ता आहे. साधा ऑक्सिमीटर मोनॉक्साइडनें व्यापलेलें हिमोग्लोबिनहि प्राणवायूनें भरलेलेंच समजतो. न्हाणीघरांत कोसळलेल्या मनुष्याच्या बोटावर तो निःशंकपणें ९८ दाखवील. तेव्हां आंकडा पाहत बसूं नये. गीझर बंद करावा, मनुष्यास मोकळ्या हवेंत आणावें आणि जेथें शुद्ध प्राणवायु देतां येईल अशा ठिकाणीं न्यावें.

शुद्ध प्राणवायूनें काय साधतें, तेंहि उताराच्याच नियमांत आहे. साध्या हवेंत रक्तांतील मोनॉक्साइड निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु हुंगविला तर एक-दीड तास, कारण अधिक दाबाचा प्राणवायु त्याला हिमोग्लोबिनवरून ढकलून काढतो. आणि दाब याहूनहि वाढविला तर? १८९५ सालीं हॉल्डेननें एका उंदराला अशा पात्रांत ठेविलें कीं ज्यांत हवेच्या दुप्पट दाबाचा प्राणवायु भरलेला होता, आणि मग आंत मोनॉक्साइड सोडला. त्या उंदराचें हिमोग्लोबिन प्राणवायु वाहण्याच्या कामीं निरुपयोगी झालें, तरी उंदीर जगला. एरवीं ज्या ०.३ मिलिलिटराला कोणी हिशेबांत धरीत नाहीं, तो रक्ताच्या पाण्यांत विरघळणारा प्राणवायु दाबाबरोबर वाढत जातो. तिप्पट दाबाच्या शुद्ध प्राणवायूंत तो १०० मिलिलिटरांमागें ६ मिलिलिटर होतो, आणि विश्रांति घेणाऱ्या देहास तेवढ्याच रक्तांतून लागतात सुमारें ५. ॲम्स्टरडॅमचे शस्त्रवैद्य इटे बुरेमा यांनीं याचा पडताळा पाहिला आणि तो १९६० सालीं प्रसिद्ध केला. तिप्पट दाबाच्या कोठींत त्यांनीं डुकरांचें रक्त काढून घेऊन त्याऐवजीं तांबड्या पेशी नसलेला द्रव भरला. हिमोग्लोबिन जवळजवळ शून्यावर आलें असतां तीं डुकरें जिवंत राहिलीं, आणि कांहीं वेळानें त्यांचें रक्त त्यांना परत देण्यांत आलें.